डिस्कला खोबरेल

आमच्या घरात चप्पल घालून देवघराकडे जायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. सायकलच्या डिस्कला कुणी बोट लावायचं नाही, हा माझा. दोन्ही सारखेच कडक आहेत, आणि माझा नियम राबवताना मलाही सासूबाईंइतकाच ताठा येतो. घरी कुणी पाहुणा आला आणि लेकीच्या सायकलचं कौतुक करत चाकाकडे वाकला, की मी स्वयंपाकघरातूनच ओरडते, "हात लांब ठेवा." पाहुणा दचकतो. मग नवरा त्याला हळू आवाजात समजावतो की ही बाई अशीच आहे, तुम्ही चहा घ्या.

पण डिस्क, म्हणजे ब्रेकची चकती, बोटांसाठी नसतेच. चाकाच्या मधोमध, आऱ्यांना लागून बसवलेली, भोकं पाडलेली पातळ स्टीलची ती चकती. ब्रेक दाबला की कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकच्या जबड्याच्या, आतले दोन छोटे पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात आणि चाक थांबतं. चकती आणि पॅड कोरडे, स्वच्छ असले तरच ही चिमटी बसते. बोटांचा घाम, चेनचं तेल, कसलाही ओशटपणा तिथं लागला की पकड गेलीच. मग कितीही दाबा, ब्रेक नुसता किंचाळतो आणि सायकल आपल्या मर्जीनं पुढं जाते.

मी रबाळ्याच्या बाजूला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माल नापास करणं हे माझं काम, आणि ते मी मन लावून करते. कारखान्यात माझ्या टेबलाजवळ येताना सुपरवायझरसुद्धा चाल हळू करतात. माहेर माझं साताऱ्याकडचं. लग्न होऊन बोनकोड्याच्या या आगरी घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला नापास केलं होतं, कारण मला माशाचा काटा काढता येत नव्हता. नापास केलेला माल सुधारून परत पाठवायचा असतो, हे मला कारखान्यानं शिकवलं होतं. काटा काढायला मी शिकले. आता त्यांच्याइतक्या सफाईनं बोंबील साफ करते, आणि ते त्या शेजारणींना सांगतात, मला नाही.

लेकीला सायकल घेतली तेव्हा ब्रेकचं मला काही कळत नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात तो कुरकुरायला लागला. एका दुकानात दाखवला, तर तिथल्या माणसानं वायर इतकी आवळून दिली की पॅड कायम चकतीला घासत राहिले. पोरगी आठवडाभर अर्धा ब्रेक लावूनच पॅडल मारत होती आणि घरी येऊन म्हणायची की माझा स्टॅमिना गेला. एका शनिवारी मी ओट्यावर सायकल उलटी केली, चाक फिरवलं, आणि ते दोन फेऱ्यांत थांबलेलं बघून माझं डोकं सणकलं. असा माल माझ्या टेबलावरून गेला नसता. त्या दिवसापासून ब्रेक माझ्या ताब्यात आला.

शिकले ते उघडून, बघून आणि चुकून. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करायचे, ब्रेक घट्ट दाबून धरायचा, आणि तो तसाच धरून बोल्ट परत आवळायचे, म्हणजे कॅलिपर आपसूक चकतीच्या मधोमध बसतो. मागे पांढरा कागद धरायचा आणि दोन्ही बाजूंना सारखी उजेडाची रेघ दिसते का ते बघायचं. चाक फिरवताना ती रेघ एका ठिकाणी बारीक होत असेल तर चकती वाकली आहे. पॅड किती झिजलेत ते बघायचं. शेवटी चकती पुसायची, स्पिरिट लावलेल्या फडक्यानं. ते फडकं वेगळं, त्याच्या कडेला मी लाल दोरा शिवून ठेवलाय. नवऱ्यानं एकदा त्यानं चष्मा पुसला होता. परत पुसणार नाही.

हे सगळं दर शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर चालतं. गल्लीतल्या बायका जाता येता चिडवतात, की आज कुणाचं ऑपरेशन. चिडवू देत. त्यांच्यातल्याच दोघी तिघींच्या मुलांच्या सायकली हळूच माझ्या ओट्याला टेकून जातात, हे मी बघत असते.

सगळ्यात शेवटी रेघ. आमची गल्ली देवळापासून खाली मोठ्या रस्त्याकडे उतरते, आणि तळाला पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या अलीकडे रस्त्यावर मी चुन्यानं एक रेघ मारून ठेवलीय, पुसली की परत मारते. देवळाच्या पायरीपासून सायकल सोडायची, विजेच्या खांबाशी आल्यावर दोन्ही ब्रेक दाबायचे, आणि पुढचं चाक रेघेच्या आत थांबलं पाहिजे. थांबलं तर सायकल पास. इतक्या वर्षांत माझ्या हातची एकही सायकल रेघ ओलांडून गेली नव्हती. गिरणीवाला दळण सोडून बघायला बाहेर यायचा, आणि सायकल थांबली की आत जायचा.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी लेक पहिल्यांदा पारसिकची टेकडी उतरणार होती. रविवारी सकाळी सायकली घेऊन निघणारी कॉलेजच्या मुलामुलींची टोळी आहे तिची. बेलापूरच्या बाजूनं टेकडीवर चढणं तिनं बऱ्याचदा केलं होतं, पण उतरताना ती ब्रेकवर भरवसा नसल्यासारखी सगळ्यांच्या मागं रेंगाळायची. या वेळी तिनंच सांगितलं होतं की मी पुढं राहीन. शिवाय टोळीत बढाई मारली होती की माझी सायकल दुकानात जात नाही, माझी मम्मी करते. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. तिच्या मैत्रिणीकडून कळलं, आणि मी त्या दिवशी दुप्पट भाजी केली.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी कारखान्यात होते. तिथं मशिनांची पूजा असते. सगळी मशिनं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून उभी असतात, आणि हळदकुंकवाचं ताट फिरतं. माझ्या टेबलाशी ताट आलं की मी उभी राहते. मोजायच्या हत्यारांना कुंकू लागू देत नाही, त्यांच्या पेट्यांना लावते. बारीक पूड आत गेली तर माप चुकतं. सगळ्यांना हे माहीत आहे आणि सगळे हसतात. तिथं मी इतकी जागरूक, आणि घरी काय चाललं असेल हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

घरी सासूबाई पूजा करत होत्या. गेल्या दसऱ्याला गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्या अंथरुणात होत्या आणि पूजा मी उरकली होती, म्हणजे नुसती उरकलीच होती, असं त्यांचं मत. यंदा त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पाटावर बसून त्यांनी स्कूटर, सायकल, कोयता, विळी, घरातली सगळी हत्यारं धुतली, पुसली, पूजली. मी संध्याकाळी आले तेव्हा ओट्यावर झेंडूचा घमघमाट होता आणि त्या थकून पण फार खूश बसल्या होत्या. सायकल माळ घालून उभी होती. मी लांबूनच नमस्कार केला.

शनिवारी दुपारी मी माळ काढली आणि लेकीला म्हटलं की आधी रेघ करून घे, मग बाकीचं बघू. ती देवळाशी गेली, सायकल सोडली, खांबाशी ब्रेक दाबले. अख्ख्या गल्लीत किंचाळी घुमली आणि सायकल रेघेवरून सरळ पुढं गेली. गिरणीच्या पायरीला पाय टेकवून ती कशीबशी थांबली. गिरणीवाला बाहेर आला होता, तो लगेच आत गेला.

लेक सायकल ढकलत वर आली. घाबरली होती, आणि घाबरल्यावर ती चिडते, त्यात ती माझ्यावर गेलीय.

"मम्मी, काय केलंस तू ब्रेकला?" ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलंय तुझ्याबद्दल."

नवरा म्हणाला, दुकानात नेऊ, रात्रीपर्यंत करून देतील. लेक म्हणाली की दुकानातच नेते, नाहीतर उद्या जातच नाही, आणि कारण विचारलं तर सांगेन की मम्मीचा ब्रेक फेल गेला. मला ते झोंबलं. ब्रेक फेल जाणं ही काही छोटी गोष्ट नाही, उतारावर तिथं गिरणीची पायरी नसते. पण खरं सांगते, त्या क्षणी मला त्याहून जास्त लागलं ते माझ्या लेकीनं मला नापास केलं याचं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत सायकल माझी. तोवर कुणी तिला हात लावायचा नाही.

ओट्यावर बसून लाल दोऱ्याचं फडकं चकतीवरून फिरवलं. फडकं पिवळं झालं. चकतीच्या बारीक भोकांच्या कडांना हळद बसली होती, लालसर कुंकूही. मी फडकं नाकाशी नेलं आणि मला सगळं कळलं. खोबरेल. सासूबाई केसांना लावतात तेच.

त्या दाराशी बसून सुकट निवडत होत्या. जिभेवर शब्द तयार होते, चांगले धारदार. एक वाक्य बोलले असते तर माझं नाव धुऊन निघालं असतं. पण त्यांच्याकडे बघितलं आणि पाटावर बसून, दुखरा गुडघा लांब करून, एकेक आरा पुसणारी ती बाई डोळ्यांपुढं आली. वर्षभरानं त्यांना आपल्या हातानं काहीतरी करता आलं होतं. मी लेकीला हाक मारली आणि म्हटलं, चेनला तेल घालताना माझ्याकडूनच उडालं असेल, पॅड बदलते. हे खोटं होतं. माझ्याकडून तेल उडत नाही.

सुकट निवडणारे हात थांबले.

"ती खोटा बोलते," सासूबाई म्हणाल्या. "तेल मी लावला."

मग त्यांनी जरा घुश्श्यातच सांगितलं, की ती चाकाची ताटली धुतल्यावर अशी चकाकत होती की तिला तसंच कोरडं ठेवायला जीव होईना. बाकीच्या हत्यारांना लावतो तसं बोटभर तेल लावलं, वर हळदकुंकू लावलं.

"खाऱ्या वाऱ्यान लोखंड टिकतय काय? मिठागरावं आमी कोयता तेलाशिवाय ठेवला नाय कदी," त्या म्हणाल्या. "पोरीच्या गारीला गंज नको, म्हनून लावला."

यात चूक काय होतं? त्यांचं तरुणपण खाडीकाठच्या मिठागरात आणि खाजणाच्या खाऱ्या जमिनीतल्या भातशेतीत गेलं. तिथं लोखंडावर माया करायची म्हणजे त्याला तेल लावायचं. आम्ही तिघंही ब्रेकची इतकी बडबड करतो, पण त्यांना डिस्कला हात लावायचा नाही एवढंच सांगितलं होतं, का ते कधी सांगितलं नव्हतं. आणि देवाच्या कामाला तो नियम लागू असेल असं त्यांना वाटायचं काही कारणही नव्हतं.

मी कॅलिपर उघडला, पॅड काढले आणि एक त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, आई, हा चकतीला घासतो म्हणून सायकल थांबते. मधे तेल आलं की घासतच नाही. आणि हा तेल पिऊन बसतो, पुसून जात नाही, म्हणून आता टाकायचा. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन उलटासुलटा केला, अंगठ्यानं घासून बघितला.

"मंजे जात्यासारका," त्या म्हणाल्या. "जात्याला कोन तेल लावल?"

मी हसले. लेकही हसली, त्या दिवशी पहिल्यांदाच.

नवे पॅड घरात होते. कॉफीच्या रिकाम्या बरणीत, झाकण घट्ट लावून, मसाल्यांपासून लांब ठेवते मी. दोन्ही चाकं काढली, चकत्या सोडवल्या, भांड्यांचा साबण आणि गरम पाणी घेऊन घासल्या, भोकंन्‌भोकं ब्रशनं साफ केली, वाळवल्या, मग नव्या फडक्यानं स्पिरिट फिरवलं. कॅलिपर आतून पुसला. सासूबाई काठी घेऊन ओट्याच्या पायरीशी बसल्या आणि येणाऱ्या जाणाऱ्याला लांबूनच वळवू लागल्या. शेजारची बाई सुकट मागायला आली, तिला म्हणाल्या, आज नाय, ताटल्या सुकतात.

पॅड नुसते बसवून चालत नाही. नव्या पॅडची आणि चकतीची ओळख व्हावी लागते. ऊन उतरल्यावर मी स्वतः सायकल घेऊन खाडीच्या बाजूच्या सरळ रस्त्याला गेले. वेग घ्यायचा, ब्रेक हळूहळू दाबत चालण्याइतका मंद करायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. परत वेग, परत मंद. फिरायला आलेली माणसं बघत होती की ही साडीतली बाई सायकल शिकतेय की विसरतेय. साडीचा काष्टा मारलेला, कपाळावर घाम. आधी पकड ढिली होती, मग एकेका फेरीनं ती घट्ट होत गेली, आणि शेवटी ब्रेक दाबल्यावर माझं सगळं अंग पुढं झुकलं. तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला मी लाजत नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला. मी परतले.

देवळाच्या बाजूनं गल्लीत शिरले, तर लेक पायरीशी हेल्मेट घालून उभी होती; तिनं सायकल माझ्या हातून घेतली. आणि खाली, गिरणीच्या अलीकडे, चुन्याच्या रेघेवर काठी टेकून सासूबाई उभ्या होत्या. बरोबर रेघेवर, रस्त्याच्या मधोमध.

मी ओरडले की आई, बाजूला व्हा. नवराही धावत खाली गेला. त्यांनी त्याला काठीनंच मागं सारलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुज्या कामावं तुजा इस्वास हाय ना? मंग गप ऱ्हा."

लेक माझ्याकडे बघत होती. हा प्रश्न आता तिचाही होता. माझा विश्वास होता का? कारखान्यात मी कागदावर पासची सही करते, पण मालाच्या पुढ्यात स्वतःचं माणूस उभं करून कुणी सही मागितली नव्हती. मी मनातल्या मनात सगळं परत केलं. बोल्ट आवळले होते. उजेडाची रेघ दोन्ही बाजूंना सारखी होती. चकती कोरडी होती. पॅड धरत होते, माझ्या अंगानं ते अनुभवलं होतं.

"सोड," मी म्हटलं.

सायकल सुटली. उतारावर तिचा वेग वाढत गेला, टायरचा सू आवाज मला ऐकू आला, खांब आला, आणि लेकीनं दोन्ही ब्रेक दाबले. किंचाळी नाही. नुसता कोरडा, जाड आवाज, जात्याचाच म्हणाना. पुढचं चाक रेघेच्या चांगलं अलीकडे थांबलं. सासूबाई तसूभर हलल्या नव्हत्या. गिरणीवाला दारात उभा होता, आणि या वेळी तो लगेच आत गेला नाही.

रविवारी सकाळी आम्ही नवरा बायको स्कूटरवरून पारसिकच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिलो. लेकीला सांगितलं नव्हतं. टोळी वरून उतरायला लागली आणि सगळ्यात पुढं तिचं लाल हेल्मेट दिसलं. शेवटच्या वळणाशी एका बाजूच्या रस्त्यातून रिक्षा अचानक पुढं आली. माझा हात आपसूक ब्रेक दाबावा तसा वळला. तिनं सायकल थांबवली, आरामात, एक पाय टेकून, रिक्षाला जाऊ दिलं, हात वर करून मागच्यांना थांबवलं, आणि परत निघाली. बस, एवढंच झालं. रिक्षावाल्याला कळलंसुद्धा नसेल. मला मात्र वाटत होतं की पायथ्याशी उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला धरून सांगावं की तो ब्रेक मी लावलाय.

घरी आलो तेव्हा सासूबाई ओट्यावर हळदकुंकवाचं ताट घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, आता कशाची पूजा, दसरा झाला की. त्या म्हणाल्या की दसऱ्याला सगळ्या हत्यारांची केली, एक राहिलं. मला वाटलं पान्यांची पेटी म्हणतायत, म्हणून ती उचलायला वळले. त्यांनी माझं मनगट धरलं, ओढून पुढ्यात बसवलं, आणि माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले. नखांत अजून काळं होतं. कितीही घासलं तरी ग्रीस एका दिवसात जात नाही. त्यांनी एकेका बोटाला हळद लावली, एकेका बोटाला कुंकू लावलं, आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. काटा न काढता येणाऱ्या सुनेचे ते हात होते. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसूही शकले नाही.

तेवढ्यात लेक सायकल घेऊन दारात आली. धापा टाकत, घामानं चिंब, आणि सांगायला तोंडात सगळा उतार घेऊन. मी नेहमीच्या सवयीनं चाकाशी वाकले, चकती तापलीय का बघायला.

"मम्मी," ती म्हणाली, "हात लांब ठेव."

मी हात मागं घेतले. नियम माझाच होता. चकतीकडे मग मी लांबूनच बघितलं.